मटणाच्या भुकेनं वाग्यूकडे जाऊ नका

ऐरोलीच्या आयटी पार्कातून दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी जपानला प्रोजेक्टवर निघतं आणि निघायच्या आठवडाभर आधी मला गाठतं. स्वेटर किती घेऊ, सिमकार्ड कुठलं, हे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो. "ताई, ते वाग्यू खायचंय. कुठं खाऊ? किती पैसे ठेवू?" वाग्यू म्हणजे जपानी गुरांचं महागडं मांस, ज्यात चरबीची पांढरी जाळी पसरलेली असते. आता घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमधून हौसेनं जपान फिरायला जाणारी कुटुंबंही हेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

पहिल्या फेरीत मी काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. ओसाकात संध्याकाळी कडकडून भूक लागली होती. एका दुकानाबाहेर मोठा फोटो होता आणि त्यावर गाईचं चित्र. आत शिरले आणि एकटीनं ३०० ग्रॅमचं स्टेक मागवलं. रविवारी घरी मटण असलं की आपण जसे पोटात जागा ठेवून बसतो, तशीच बसले होते. पहिले चार तुकडे अप्रतिम लागले. आठव्या तुकड्याला तोंड चिकट झालं, बाराव्याला मळमळायला लागलं, आणि उरलेलं पैशांकडे बघून गिळलं. पुढच्या खेपेला तिथल्याच एका सहकाऱ्यानं समजावलं की मी खाल्लं ते वाग्यू नव्हतंच, 'कोकुसान' म्हणजे जपानात वाढलेल्या कुठल्याही जातीच्या जनावराचं होतं, आणि वाग्यू असतं तर एवढं कुणी एकट्यानं मागवलंच नसतं. मटण आपण जेवण म्हणून खातो. वाग्यूचं तसं नाही, ते पेढ्यासारखं खायचं असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

निघण्याआधी, घरातच

खायचं की नाही हे विमानात बसण्याआधी ठरवा. वाग्यू म्हणजे गाय-बैलाचंच मांस, त्याला दुसरं गोड नाव नाही. ठाण्या-मुंब्र्यात हॉटेलच्या पाटीवर 'बीफ' असतं किंवा लोक 'बडे का' म्हणतात, तेव्हा ते म्हशी-रेड्याचं असतं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात गाय होती, २०१५ पासून बैल आणि वळूही आले. त्यामुळे "मी इथं बीफ खाल्लंय, तेच असेल" असं समजून जाऊ नका. माझ्या ओळखीतले कितीतरी जण आवडीनं खातात, कितीतरी जण ताटाजवळही बसत नाहीत. माझ्या सासूबाई दुसऱ्यांतल्या. मी त्यांना लपवून काही सांगितलं नाही आणि त्यांना पटवायलाही गेले नाही. ग्रुपमध्ये कुणी खात नसेल तर त्याला आग्रह करू नका, 'एक घास तरी' म्हणू नका, आणि न सांगता त्याच्या ताटात काही वाढू नका. त्या रात्री दोन टेबलं करा, हे सगळ्यांत सोपं. शाकाहारी माणसाला स्टेकच्या दुकानात बसवून ठेवणं तर त्याच्यावर अन्यायच, कारण तिथल्या साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.

बॅग भरताना आणखी एक. आईनं प्रेमानं दिलेला खिमा, सुकं मटण, चिकनचं लोणचं, काहीही जपानला नेऊ नका. बाहेरचं मांस आणि मांसाचे पदार्थ आणण्यावर तिथं कडक बंदी आहे, विमानतळावर कुत्री हुंगत फिरतात आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

नावांचा गुंता सोडवा

इथं थोडा वेळ द्या, कारण पैसे इथंच वाया जातात.

'वाग्यू' म्हणजे शब्दशः जपानी गुरं. नियमानं त्यात चार जाती येतात आणि त्यांचे एकमेकींशी झालेले संकर. दुकानात दिसणारं बहुतेक सगळं 'कुरोगे वाशु' म्हणजे काळ्या जातीचं असतं. 'कोकुसान-ग्यू' याचा अर्थ मात्र एवढाच की जनावर मुख्यतः जपानात वाढलं. ते दुधाच्या जातीचं होल्स्टिनही असू शकतं. फोटोवर गाय, पाटीवर झेंडा आणि खाली बारीक अक्षरात कोकुसान, असा प्रकार पर्यटकांच्या गल्ल्यांत खूप दिसतो. फोनचा कॅमेरा पाटीवर धरून भाषांतर वाचा, मगच आत जा. आणि ऑस्ट्रेलियन वाग्यू बहुतेकदा संकरित असतं. चवीला वाईट नाही, पण त्याला जपानी वाग्यूचा दर देऊ नका.

वाग्यूच्या आत पुन्हा गावोगावची नावं आहेत, जसं आपण देवगडचा हापूस म्हणतो तसंच. कोबे, मात्सुसाका, ओमी, हिदा. मात्सुसाका मिए प्रांतातलं, आणि फक्त न व्यालेल्या गाईचं. ओमी शिगातलं. हिदा गिफूतलं, ताकायामा गावात खायला मिळतं. कोबे ह्योगो प्रांतातलं, आणि त्याचे नियम सगळ्यांत कडक. जनावर ताजिमा वंशाचंच हवं, जन्म, संगोपन आणि कत्तल ह्योगोतच, आणि चरबीच्या जाळीचा आकडा १२ पैकी किमान ६. हे सगळं जमलं तरच अंगावर 'नोजिगिकु' या शेवंतीच्या जातीच्या फुलाचा शिक्का बसतो. नाहीतर तेच जनावर नुसतं ताजिमा म्हणून विकलं जातं.

ताजिमा हा डोंगराळ मुलूख. तिथली गुरं शेकडो वर्षं भातखाचरांत नांगराला होती. जपानात ६७५ साली सम्राट तेन्मूनं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली, आणि पुढं बौद्ध विचारामुळे बाराशे वर्षं मांस खाणं कमीपणाचं मानलं गेलं. १८७२ मध्ये सम्राट मेजीनं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठं लोकांची भीड चेपली. कोबे बंदर १८६८ मध्ये परदेशी जहाजांना खुलं झालं होतं, आणि तिथं उतरणाऱ्या गोऱ्यांनी हे नांगराचं जनावर चाखून त्याचं नाव बाहेर नेलं. हे वाचलं तेव्हा मला पोळ्याला शिंगं रंगवलेले आपले बैल आठवले. ज्या जनावरानं शेत नांगरलं ते ताटात येतं तेव्हा त्याच्याबद्दल थोडं जाणून घेणं मला गरजेचं वाटतं. आजच्या जवळजवळ सगळ्या काळ्या वाग्यूच्या वंशावळीत १९३९ साली जन्मलेला ताजिरी नावाचा एक बैल सापडतो.

आणि बिअर पाजतात, मसाज करतात ही गोष्ट कुणी रंगवून सांगितली तर सोडून द्या. ती सर्रास चालणारी पद्धत नाही. जाळी येते ती वंशातून, खाद्यातून आणि अडीच-तीन वर्षांच्या शांत संगोपनातून.

'ए-५' म्हणजे चवीचं प्रमाणपत्र नव्हे

मेन्यूवर ए-५ दिसलं की आपली माणसं डोळे मिटून तेच मागतात. यातलं अक्षर तुमच्यासाठी नसतंच, ते खाटकासाठी असतं. ए, बी, सी म्हणजे धडातून विकण्याजोगं मांस किती निघतं ते. आकडा १ ते ५, तो दर्जाचा: चरबीची जाळी, मांसाचा रंग, घट्टपणा आणि चरबीचा रंग या चारांपैकी जो सगळ्यांत कमी, तोच एकूण आकडा. ५ मिळायला जाळी ८ ते १२ लागते. ४ ला ५ ते ७. आता कोबेची अट ६ ची, म्हणजे ए-४ कोबे हेही अस्सल कोबेच. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी ए-४ च सांगते. जाळी जरा कमी, मांसाची चव जरा जास्त, पैसेही कमी. १२ ची जाळी आपल्या जिभेला दोन तुकड्यांत पुरते.

या चरबीत ओलेइक आम्ल जास्त असतं, त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते. जिभेवर ठेवलेलं तूप जसं पसरतं, तशी. चावायला सुरुवात करेपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. बाराव्या तुकड्याला मला मळमळलं होतं तेही चरबीमुळेच.

नंबर मागा

ही माझी सगळ्यांत आवडती पायरी. २००१ मध्ये जपानात मॅड काऊचा रोग सापडला, लोकांनी गोमांस खाणं सोडलं, आणि २००३ मध्ये कायदा झाला: देशातल्या प्रत्येक गुराला १० आकडी नंबर. कानातल्या बिल्ल्यापासून ते स्टेक, याकिनिकु, सुकियाकी, शाबुशाबुच्या (हे प्रकार पुढं सांगते) दुकानापर्यंत तो नंबर पोचतो. दुकानात फळ्यावर, मेन्यूच्या कडेला किंवा एका चिठ्ठीवर लिहिलेला असतो. सरकारी पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर तो टाकला की जन्म कधी, जात कुठली, नर की मादी, कुठल्या प्रांतात वाढलं, कत्तल कुठं झाली, सगळं समोर येतं. जातीच्या रकान्यात 'कुरोगे वाशु' दिसलं आणि प्रांत ह्योगो असला की निम्मी खात्री झाली.

कोबेसाठी आणखी एक खूण आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली एक संस्था दुकानांची नोंदणी करते, आणि नोंदणी असलेल्या दुकानात कांस्याची छोटी गाय आणि प्रमाणपत्राची पाटी ठेवलेली असते. ही गाय दिसली नाही, नंबर विचारल्यावर वेटर गोंधळला, तर नमस्कार करून बाहेर पडा. मी दोनदा पडले आहे. कुणी रागावलं नाही.

कधी जायचं, किती पैसे

दुपारी जा. याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही. तेच दुकान, तोच तवा, बऱ्याचदा तेच मांस, आणि दर रात्रीच्या निम्म्याच्या आसपास. मी कोबेत दुपारी सूप, कोशिंबीर, भात आणि १०० ग्रॅमचं स्टेक असं जेवण आठ-दहा हजार येनला जेवले आहे. येन ५५ ते ६० पैशांना धरला तर साडेचार ते सहा हजार रुपये. ठाण्यात एवढ्यात चौघांचं चांगलं मटण जेवण होतं, हे मलाही कळतं. म्हणूनच एकदाच, दुपारी आणि थोडं.

ओसाकात राहात असाल तर कोबेला मुक्काम लागत नाही. ओसाका स्थानकावरून जलद लोकलनं कोबेचं सान्नोमिया स्थानक वीस-बावीस मिनिटांवर आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं वाशीला जायला याहून जास्त वेळ लागतो. सान्नोमियाच्या आसपासच चालत फिरा. चायनाटाऊनमधल्या गाड्यांवर काडीला लावलेले तुकडे स्वस्तात मिळतात. चालता चालता खायला छान, पण 'मी कोबे बीफ खाल्लं' असं त्यावरून म्हणू नका.

लहान दुकानात आठ-दहाच खुर्च्या असतात, तेव्हा आधी नाव नोंदवा. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं तर ते आनंदानं फोन करतात. नोंदवून गेला नाहीत तर पैसे कापले जाऊ शकतात, शिवाय पुढच्या भारतीय माणसाला जागा मिळणं अवघड होतं. टिप ठेवू नका. बसून खाल्लं की १० टक्के कर लागतो, मेन्यूवरचा दर तो धरून आहे का ते बघा.

टेप्पानयाकी: तव्यासमोर बसून

पहिला अनुभव इथं घ्या, कारण भाजायची जबाबदारी तुमच्यावर नसते. स्वयंपाकी आधी मांस दाखवतो. पांढरी जाळी डोळे भरून बघून घ्या. मग लसणाचे काप तव्यावर कुरकुरीत करतो आणि त्यानंतर मांस. विचारेल, किती भाजू? आपल्या तोंडात 'वेल डन' बसलेलं असतं, कारण कच्च्या मांसाची आपल्याला भीती. पण इतकी जाळी असलेलं मांस पूर्ण भाजलं की चरबी तव्यावर वाहून जाते, आणि तिचेच तर पैसे दिलेत. 'मीडियम' म्हणा. आतून गुलाबी दिसेल. तो लालसर रस म्हणजे रक्त नव्हे, स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा रंग आहे. तरीही मन घेत नसेल तर 'योकु याइते कुदासाइ', म्हणजे नीट भाजा, असं सांगायला लाजू नका.

दोघं असाल तर एक सरलॉइन (पाठीचं, जाळीचं मांस) आणि एक 'अकामी' मागवा, आणि निम्मं निम्मं करा. अकामी म्हणजे लाल मांस, मांडीकडचं, कमी चरबीचं. माझ्या अनुभवात ठाणेकरांना शेवटी अकामीच जास्त आवडतं, कारण त्यात चावायला काहीतरी असतं. पहिला तुकडा नुसत्या मिठाबरोबर खा. दुसरा वासाबीबरोबर, आणि घाबरू नका, एवढ्या चरबीत वासाबीचा ठसका विरघळून जातो. सॉस शेवटी. मध्ये मध्ये भात आणि लोणचं खा, आपण तूपभातावर लिंबाचं लोणचं घेतो तसं. चौथ्या-पाचव्या तुकड्याला थांबून बघा. पुरे वाटत असेल तर ते बरोबरच आहे.

याकिनिकु: शेगडी तुमच्या हातात

टेबलाच्या मध्ये निखारे किंवा गॅस, वर जाळी, आणि कच्चं मांस ताटात. इथं आपल्या खाटकाच्या दुकानातलं ज्ञान कामाला येतं. ज्याला सीना, गर्दन, चाप, वजडी कळते त्याला हा मेन्यू अर्धा कळलाच. 'कारुबी' म्हणजे फासळीजवळचं, सगळ्यांत चरबीचं. 'रोसु' पाठीचं. 'हारामी' म्हणजे पडद्याचं मांस, रसाळ आणि दरानं बरं. 'तान' म्हणजे जीभ. 'होरुमोन' म्हणजे आपली वजडी, आतडी, काळीज. ज्यांना घरी वजडी आवडते त्यांनी होरुमोन सोडू नये.

सुरुवात मीठ लावलेल्या जिभेनं करा, वर लिंबू पिळून. सॉस लावलेलं मांस नंतर, कारण सॉस जळून जाळी काळी होते आणि पुढच्या सगळ्याला करपट वास लागतो. जाळी फार काळवंडली तर 'आमी कोकान' म्हणा, बदलून देतात. पातळ काप एका बाजूनं दहा-पंधरा सेकंद पुरतात. होरुमोन मात्र पूर्ण शिजवा. आणि कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा, खायच्या काड्या वेगळ्या. हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. तिथं २०११ मध्ये कच्च्या गोमांसातून विषबाधा होऊन माणसं दगावली होती, आणि २०१२ पासून कच्चं काळीज वाढायला बंदी आहे. वाग्यूची एक छोटी प्लेट आणि बाकी साधं मांस असं मागवलं तर पोटही भरतं आणि खिसाही वाचतो. तरुण मुलांच्या ग्रुपला मी हेच सुचवते.

सुकियाकी गोडसर असते, सोया आणि साखरेत शिजवलेले काप कच्च्या अंड्यात बुडवून खातात. अंडं नको असेल तर नको म्हणा. शाबुशाबु उकळत्या पाण्यात हलवून खायचं, त्यात चरबी थोडी उतरते, म्हणून घरातल्या मोठ्यांना तेच झेपतं.

हलाल हवं असेल तर

राबोडी, मुंब्रा, कौसा इथल्या मित्रमैत्रिणींसाठी: हलाल वाग्यू मिळतं. टोकियो, ओसाका, क्योटोत त्यासाठीची वेगळी दुकानं आहेत. कोबेत १९३५ साली उघडलेली मशीद आहे, जपानमधली पहिली, आणि तिच्या आसपास हलाल दुकानं सापडतात. साध्या दुकानात "पोर्क नाही ना?" एवढं विचारून भागत नाही, कारण सॉसमध्ये साके किंवा मिरिन ही तांदळाची दारू असते. फक्त मिठावर भाजलेलं असलं तरी जनावर हलाल नसेलच. तेव्हा प्रमाणपत्र दाखवणारं दुकानच धरा.

परतताना

निघताना दारात 'गोचिसोसामा देशिता' म्हणा, जेवण छान झालं असा त्याचा भाव. स्वयंपाकी तव्यामागून वाकून उत्तर देतो.

विमानतळावर सुंदर पॅक केलेलं वाग्यू मिळतं, बर्फासकट. घेऊ नका. भारतात गोमांस आणायला परवानगी नाही, वाळवलेलं नाही, डब्यातलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याची महागडी पेटी इथं उतरल्यावर गेली आणि वर चौकशी झाली ती वेगळीच.

आणायचीच असेल तर सानशोची छोटी बाटली आणा. हिरवट पूड असते, स्टेकवर आणि कबाबांवर चिमूटभर टाकतात, आणि जिभेला मुंग्या येतात. पहिल्यांदा चाखली तेव्हा मी तवा विसरून थेट मालवणात पोचले, कारण सानशो आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले. आता आमच्याकडे रविवारी चाप तव्यावर परतले की वरून ती पूड पडते. सासूबाई ती बाटली स्वतः मागून घेतात आणि बांगड्यावरही टाकतात.